हृदयाचं औषध सुरू करण्याआधी पोटॅशियम-मॅग्नेशियमचं काम वॉर्डात कसं चालतं

अनियमित ठोक्यांवरचं सोटालॉल हे औषध सुरू करायचं ठरलं की पहिली गोळी देण्याआधी आम्ही चार आकडे मागतो: पोटॅशियम, मॅग्नेशियम, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) आणि ईसीजीवरचा क्यूटीसी. क्यूटी म्हणजे ठोक्याची विद्युत-लाट सुरू झाल्यापासून हृदयपेशी पूर्वस्थितीत येईपर्यंतचा वेळ; ठोक्यांच्या वेगानुसार तो दुरुस्त केला की क्यूटीसी. यातला एक जरी हाती नसला तरी गोळी थांबते. नातेवाइकांना हा उशीर खटकतो. ठोके अनियमित पडतायत, औषध आणून ठेवलंय, मग वाट कसली बघताय, असं ते विचारतात. प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर नीट द्यायला हवं.

हृदयाच्या लयीवर चालणारी बहुतेक औषधं हृदयपेशीच्या आवरणातल्या वाहिन्यांवर किंवा पंपांवर काम करतात. त्याच वाहिन्यांमधून सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम आत-बाहेर करतात. त्यामुळे पोटॅशियम 4.4 असताना ज्या डोसने लय सुधारते, तोच डोस पोटॅशियम 2.9 असताना जीवघेणी लय उभी करू शकतो. म्हणूनच डोस बरोबर आहे का, हा प्रश्न आम्ही त्या दिवशीच्या रिपोर्टशिवाय सोडवत नाही.

सुरुवात रक्त काढण्यापासून होते, आणि बऱ्याच चुका तिथेच होतात. शीर सापडावी म्हणून पेशंटला मूठ उघड-मीट करायला लावली, दंडावरचा पट्टा दोन-तीन मिनिटं तसाच राहिला, तर हाताच्या स्नायूंमधलं पोटॅशियम रक्तात उतरतं आणि आकडा खोटा वाढतो. बारीक सुईतून सिरिंजने जोरात ओढलं तर लाल पेशी फुटतात. त्यांच्यात पोटॅशियम ठासून भरलेलं असतं, तेही नमुन्यात मिसळतं. नमुना फ्रिजमध्ये ठेवून उशिरा पाठवला, तर थंडीने पेशींचे पंप मंदावतात आणि पोटॅशियम बाहेर झिरपत राहतं. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये पोटॅशियम असलेलं ईडीटीए, म्हणजे रक्त गोठू न देणारं रसायन, असतं. ती आधी भरून तिच्यातलं रक्त दुसऱ्या ट्यूबमध्ये ओतलं, तर पोटॅशियम अचाट वाढलेलं आणि कॅल्शियम अचाट घटलेलं दिसतं. ही जोडी एकत्र दिसली की आधी ट्यूबची चौकशी करायची. सलाईन चालू असलेल्या हातातून रक्त काढलं तर सगळेच आकडे बिघडतात. पट्टा एका मिनिटाच्या आत सोडायचा, मूठ सैल ठेवायची, दुसरा हात वापरायचा आणि नमुना लगेच लॅबला पाठवायचा.

खोटा वाढलेला आकडा म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर 6.2 सारखा रिपोर्ट येतो आणि धावपळ होते. पण आम्हाला जास्त भीती वाटते ती ‘हिमोलाइज्ड’, म्हणजे लाल पेशी फुटल्याचा, शेरा असलेल्या 4.1 ची. दिसायला तो आकडा अगदी निर्दोष असतो. खरा आकडा 3.3 असू शकतो, आणि त्या भरवशावर सोटालॉलची गोळी गेलेली असते. असा शेरा दिसला की नॉर्मल आकड्यावरही विश्वास न ठेवता नमुना पुन्हा घ्यायचा.

नमुना कधी घेतला हेही बघावं लागतं. दम्यासाठी नुकतंच साल्ब्युटामॉलचं नेब्युलायझेशन झालं असेल किंवा इन्सुलिन दिलं असेल, तर पोटॅशियम रक्तातून पेशींमध्ये सरकतं आणि काही तास कमी दिसतं. शरीरातलं सुमारे 98 टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं. आपण मोजतो ते बाहेरचं उरलेलं. साठा तसाच असूनही आकडा खाली येऊ शकतो. म्हणून काही ती घट दुर्लक्ष करण्याजोगी ठरत नाही, कारण हृदयपेशीला त्या क्षणी बाहेर किती पोटॅशियम आहे तेच जाणवतं.

पोटॅशियमची नेहमीची कक्षा लिटरला 3.5 ते 5.0 मिलिइक्विव्हॅलंट (क्षार मोजण्याचं एकक) धरतात. हृदयाच्या पेशंटला ही कक्षा आम्ही सैल मानतो. क्यूटी लांबवणारं औषध चालू असेल तर पोटॅशियम निदान 4.0 आणि मॅग्नेशियम निदान डेसिलिटरला 2.0 मिलिग्रॅमच्या आसपास हवं. लॅबच्या कागदावर 3.6 या आकड्यासमोर कसलीच खूण नसते, म्हणून वाचणाऱ्याची नजर त्यावरून घसरते. कागदावर लाल खूण नाही एवढ्यावर थांबू नये, हे नव्या सहकाऱ्यांना आम्ही पहिल्याच आठवड्यात सांगतो.

कमी पोटॅशियम आणि क्यूटी यांचं नातं थोडं उलटं वाटतं. बाहेर पोटॅशियम कमी झालं तर पेशीतून ते जास्त वेगाने बाहेर पडायला हवं, असं सरळ गणित सांगतं. प्रत्यक्षात ठोक्यानंतर पेशीला पूर्वस्थितीत आणणारी जी मुख्य पोटॅशियम-वाहिनी आहे, ती बाहेरचं पोटॅशियम घटलं की मंदावते. शिवाय सोटालॉल, डोफेटिलाइड, क्विनिडीन यांसारखी औषधं तीच वाहिनी बंद करतात, आणि पोटॅशियम कमी असताना त्यांची पकड जास्त घट्ट बसते. दोन्हींमुळे क्यूटी लांबतो. त्यातून टॉर्साड नावाची वेडीवाकडी, पिळलेल्या दोरीसारखी दिसणारी लय सुटू शकते. ठोके मंद असतील तर धोका आणखी वाढतो, आणि सोटालॉल ठोके मंदही करतं.

क्यूटीसी मोजतानाही घाई नडते. ठोक्यांच्या वेगाची दुरुस्ती करायची दोन सूत्रं आम्ही वापरतो, बॅझेटचं आणि फ्रिडेरिशियाचं. मशीनने छापलेला आकडा बहुतेक वेळा बॅझेटच्या सूत्राचा असतो. समजा ठोके मिनिटाला 100 आहेत आणि क्यूटी 400 मिलिसेकंद मोजला. दोन ठोक्यांमधलं अंतर 0.6 सेकंद. बॅझेटने क्यूटीसी 516 येतो, फ्रिडेरिशियाने 474. एका आकड्यावर औषध बंद होतं, दुसऱ्यावर सावधपणे चालू राहतं. ठोके जलद असताना बॅझेट आकडा फुगवतो आणि मंद असताना कमी दाखवतो, म्हणून 60 ते 80 च्या बाहेर आम्ही फ्रिडेरिशियाच वापरतो आणि कोणतं सूत्र वापरलं ते केसपेपरवर लिहितो. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे थरथरून ठोके अनियमित पडतात तेव्हा, एकाच ठोक्यावर मोजून चालत नाही. अनेक ठोक्यांची सरासरी घ्यावी लागते. पोटॅशियम खूप उतरलं असेल तर टी लाट चपटी होते आणि तिच्यामागे यू लाट उठते. ती टीमध्येच धरून मोजली जाण्याची चूक फार होते.

सगळे आकडे जुळले, क्यूटीसी 450 च्या आत आहे, क्रिएटिनिन क्लिअरन्स (मूत्रपिंडाची गाळण्याची गती, मिनिटाला मिलीमध्ये) 60 च्या वर आहे, तर सोटालॉल 80 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू होतं. क्लिअरन्स 40 ते 60 असेल तर दिवसातून एकदाच. एट्रियल फिब्रिलेशनसाठी 40 च्या खाली ते देत नाहीत, कारण हे औषध जवळजवळ पूर्णपणे मूत्रपिंडातूनच बाहेर जातं. प्रत्येक डोसनंतर 2 ते 4 तासांनी ईसीजी, निदान 3 दिवस मॉनिटरवर, आणि क्यूटीसी 500 ला पोचला की डोस कमी किंवा बंद. या तीन दिवसांत पोटॅशियम पुन्हा तपासायचं, विशेषतः फ्युरोसेमाइड किंवा टॉर्सेमाइड ही लघवीची गोळी चालू असेल तर. सुरुवातीचा 4.2 हा तिसऱ्या दिवसापर्यंत टिकेल असं धरून चालता येत नाही.

आता पोटॅशियम कमी निघालं तर भरायचं कसं. ढोबळ हिशोब असा की 10 मिलिइक्विव्हॅलंट दिल्यावर आकडा साधारण 0.1 ने चढतो, मूत्रपिंड ठीक असेल तर. म्हणजे 3.2 वरून 4.0 ला जायला 80 च्या आसपास लागतात, आणि तेही एका वेळी नव्हेत. तोंडाने घेता येत असेल तर तोंडाने देणं केव्हाही बरं. 10 टक्क्यांच्या पोटॅशियम क्लोराइड सिरपच्या 15 मिलीत 20 मिलिइक्विव्हॅलंट असतात. ते पुरेशा पाण्यात मिसळून, जेवणानंतर, हळूहळू घोट घेत प्यायचं. पाणी न घालता प्यायलं तर पोटात आग पडते आणि पेशंट पुढचा डोस नाकारतो. हळू विरघळणारी 600 मिलिग्रॅमची गोळी 8 मिलिइक्विव्हॅलंटची असते. ती चावायची नाही, फोडायची नाही, भरपूर पाण्याबरोबर बसून घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, कारण अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते.

शिरेतून द्यायचं तेव्हा आम्ही दोघं मिळून तपासतो. 15 टक्क्यांच्या अँप्यूलमध्ये 1 मिलीत 2 मिलिइक्विव्हॅलंट असतात, म्हणजे 10 मिलीत 20. हे औषध कधीही थेट सिरिंजने शिरेत ढकलायचं नाही. हृदय तिथल्या तिथे थांबू शकतं. दंडाच्या किंवा हाताच्या शिरेतून तासाला 10 मिलिइक्विव्हॅलंट, आणि लिटरला 40 पेक्षा घट्ट नाही. मॉनिटर लावून, मोठ्या मध्यवर्ती शिरेतून, तासाला 20 पर्यंत जाता येतं. 500 मिली नॉर्मल सलाईनमध्ये 20 घातले की प्रमाण बरोबर लिटरला 40 होतं आणि ती बाटली दोन तासांत जाते. डेक्स्ट्रोजमध्ये सहसा मिसळत नाही, कारण साखरेने इन्सुलिन सुटतं आणि दिलेलं पोटॅशियम पेशींत शिरून आकडा सुरुवातीला उलट उतरतो.

इथे एक बारीक गोष्ट आहे. सलाईन स्टँडवर टांगलेलं असताना खालच्या बुचातून पोटॅशियम टोचून घातलं, तर ते सलाईनपेक्षा जड असल्याने तळाशीच, नळीच्या तोंडाजवळ बसतं. मग पेशंटला पहिल्या काही मिनिटांत जवळजवळ न मिसळलेलं पोटॅशियम जातं. त्यामुळे बाटली किंवा पिशवी काढून घ्यायची, औषध घालायचं, निदान दहा वेळा उलटीसुलटी करायची, लेबल लावायचं, आणि मगच टांगायची. हार्ट फेल्युअरच्या पेशंटला त्या 500 मिली सलाईनबरोबर 77 मिलिइक्विव्हॅलंट सोडियमही जातं, हे विसरायचं नाही. आपण ज्याचं पाणी काढतोय त्यालाच पाणी आणि मीठ भरतोय, हा विचार तोंडाने देण्याच्या बाजूला झुकवतो.

दोन दिवस भरूनही पोटॅशियम हलत नसेल तर जवळजवळ नेहमीच मॅग्नेशियम कमी असतं. मूत्रपिंडातल्या पेशींमधलं मॅग्नेशियम पोटॅशियमच्या गळतीला आवर घालतं. ते घटलं की वाट मोकळी होते आणि आपण भरलेलं सगळं लघवीतून जातं. शरीरातल्या मॅग्नेशियमपैकी 1 टक्क्यापेक्षाही कमी रक्तद्रवात असतं, म्हणून नॉर्मल आकड्यामागेही तुटवडा दडलेला असू शकतो. लघवीच्या गोळ्या बरेच महिने चालू असतील तर आम्ही तो धरूनच चालतो. पित्ताच्या गोळ्यांपैकी ओमेप्राझोल, पँटोप्राझोल या गटाने दीर्घ वापरात मॅग्नेशियम उतरतं. अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने 2011 मध्ये तसा इशारा दिला. अशा वेळी मॅग्नेशियमची गोळी देऊन पुरत नाही, पित्ताची गोळी बदलावी लागते. या गटाचं औषध हृदयाच्या कित्येक पेशंटना ॲस्पिरीनबरोबर लिहिलेलं असतं आणि वर्षानुवर्षं कोणी त्याकडे बघत नाही, याची आम्हाला मनापासून खंत वाटते.

50 टक्क्यांच्या मॅग्नेशियम सल्फेटच्या 2 मिलीत 1 ग्रॅम असतं. पेशंट स्थिर असेल तर 2 ग्रॅम, 100 मिलीत मिसळून, तास-दोन तासांत सावकाश; घाईने दिलं तर बरंचसं लघवीतून निघून जातं. टॉर्साड सुटला असेल तर तेच 2 ग्रॅम काही मिनिटांत द्यायचं, रक्तातलं मॅग्नेशियम नॉर्मल असलं तरीही. नाडी लागत नसेल तर आधी शॉक. मूत्रपिंड मंद असेल तर मॅग्नेशियम साचतं. गुडघ्यावर ठोकल्यावर पायाला बसणारा झटका मंदावतोय का, रक्तदाब आणि श्वास उतरतोय का, हे बघत राहायचं.

हार्ट फेल्युअर आणि अनियमित ठोक्यांसाठी दिल्या जाणाऱ्या डिजॉक्सिनची गोष्ट वेगळ्या वाटेने तिथेच येते. हे औषध पेशीचा सोडियम-पोटॅशियम पंप अडवतं, आणि पंपावर बसताना त्याची पोटॅशियमशी स्पर्धा असते. पोटॅशियम कमी झालं की डिजॉक्सिनला मोकळं रान मिळतं. म्हणून रक्तातलं डिजॉक्सिन 0.9 नॅनोग्रॅम, म्हणजे हार्ट फेल्युअरसाठी चालणाऱ्या 0.5 ते 0.9 च्या आतच असतानाही, पोटॅशियम 2.8 असेल तर विषबाधेची लक्षणं दिसू शकतात. मॅग्नेशियम कमी किंवा कॅल्शियम जास्त असेल तरी तसंच. कॅल्शियम वाचताना अल्ब्युमिन बघायचं: कॅल्शियम 7.6, अल्ब्युमिन 2.5 असेल तर दुरुस्त आकडा 8.8 येतो आणि कॅल्शियम भरण्याचं कारण उरत नाही. जमेल तिथे आयनाइज्ड कॅल्शियम करून घ्यावं.

डिजॉक्सिनची पातळी डोसनंतर निदान 6 तासांनी मोजायची. आधी घेतली तर औषध अजून रक्तातून पेशींमध्ये पोचलेलं नसतं आणि आकडा उगाच मोठा येतो. लक्षणं मात्र आकड्याच्या आधी बोलतात: अन्नावरची वासना जाणं, मळमळ, गळून जाणं, वयस्कर माणसात गोंधळलेपण, आणि वस्तू पिवळसर-हिरव्या दिसणं. या रंगदोषाची नोंद इंग्रज डॉक्टर विल्यम विदरिंग यांनी 1785 मध्येच करून ठेवली आहे. उलट्यांनी पोटॅशियम आणखी जातं, शरीर सुकतं, मूत्रपिंडातून डिजॉक्सिन निघेनासं होतं, आणि चक्र फिरत राहतं. मळमळीवर ऑनडॅन्सेट्रॉन देण्याआधी क्यूटी बघावा, कारण तेही क्यूटी लांबवतं. लयीवरचं अमिओडॅरोन हे औषध नव्याने सुरू केलं तर डिजॉक्सिनचा डोस निम्मा करावा लागतो, कारण त्याची पातळी चढते.

एका गोष्टीत मात्र नियम उलटतो. एकदम भरपूर डिजॉक्सिन पोटात गेलं असेल तर सगळे पंप बंद पडून पोटॅशियम वाढतं, आणि ते किती वाढलंय यावर बाधेची तीव्रता कळते. प्रतिविष दिल्यावर पंप पुन्हा सुरू होतात आणि पोटॅशियम झरझर उतरतं. तेव्हा आधीच इन्सुलिनने उतरवलेलं असेल तर पेशंट खड्ड्यात जातो. प्रतिविषानंतर डिजॉक्सिनची एकूण पातळी मोजण्यात अर्थ नसतो. बांधलं गेलेलं, निष्प्रभ झालेलं औषधही त्यात धरलं जातं.

वाढलेल्या पोटॅशियमचा धोका दुसऱ्या टोकाच्या, म्हणजे पोटॅशियम शरीरात धरून ठेवणाऱ्या, औषधांमुळे येतो: रामिप्रिल, एनालाप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन, सॅक्युबिट्रिल-व्हॅलसार्टन, आणि त्यांच्या जोडीला स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन. 1999 मध्ये रेल्स नावाच्या औषध-चाचणीने स्पायरोनोलॅक्टोनने हार्ट फेल्युअरमधले मृत्यू घटतात हे दाखवलं. त्यानंतर हे औषध सर्रास लिहिलं जाऊ लागलं आणि कॅनडातल्या ऑन्टारिओमध्ये पोटॅशियम वाढून दाखल होणाऱ्यांची संख्या वाढली. औषध तेच होतं; चाचणीतली काटेकोर तपासणी मात्र मागे राहिली होती. स्पायरोनोलॅक्टोन 12.5 ते 25 मिलिग्रॅमने सुरू करताना पोटॅशियम 5.0 च्या वर नको. मग एका आठवड्याने, चार आठवड्यांनी, आणि पुढे दर तीन महिन्यांनी तपासणी. 5.5 ओलांडलं की डोस निम्मा, 6.0 ओलांडलं की बंद. स्पायरोनोलॅक्टोन सुरू करताना आधीचं पोटॅशियमचं सिरप बंद करायचं राहून गेलंय का, हे दरवेळी बघावं. हा दोष फार सापडतो.

एक घातक जोडी वेगळी सांगायला हवी. मेटोप्रोलॉल, व्हेरापामिल किंवा डिल्टियाझेम ही ठोके मंद करणारी गोळी घेणाऱ्या वयस्कर माणसाला जुलाब झाले, शरीर सुकलं, मूत्रपिंड मंदावलं, पोटॅशियम 5.9 झालं. एवढ्या पोटॅशियमने एकट्याने ठोके 34 वर येत नाहीत, आणि नेहमीच्या डोसच्या गोळीनेही येत नाहीत. दोन्ही मिळून येतात. ठोके मंदावले की रक्तदाब पडतो, मूत्रपिंडाला रक्त आणखी कमी मिळतं, पोटॅशियम अजून चढतं. ईसीजीवर उंच टोकदार टी दिसेलच असं नाही. इथे फक्त ठोके वाढवणारं ॲट्रोपिन देऊन वाट बघण्यात वेळ जातो; 10 टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट 10 मिली, काही मिनिटांत सावकाश, लगेच द्यावं. त्याचा परिणाम मिनिटांत दिसतो आणि अर्धा-एक तास टिकतो. तोवर इन्सुलिन 10 युनिट आणि 25 ग्रॅम ग्लुकोज, साल्ब्युटामॉल, गरजेप्रमाणे शिरेतून पाणी. इन्सुलिननंतर साखर पुढचे काही तास दर तासाला बघायची, कारण मूत्रपिंड मंद असेल तर इन्सुलिन रेंगाळतं.

पेशंट घरी जातो तेव्हा खरी परीक्षा लागते, कारण घरी मॉनिटर नसतो. ठरलेली तारीख येण्याआधीच क्षार बदलून टाकणाऱ्या गोष्टी घडतात: दिवसभराच्या उलट्या-जुलाब, ताप, जेवण सुटणं, लघवीच्या गोळीचा डोस वाढणं, त्यात मेटोलॅझोन या दुसऱ्या लघवीच्या गोळीची भर पडणं, सांधेदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक सुरू होणं. लघवीच्या जंतुसंसर्गासाठी दिलेल्या को-ट्रायमोक्झाझोलमधलं ट्रायमेथोप्रिम मूत्रपिंडात पोटॅशियम अडवून ठेवतं. रामिप्रिल आणि स्पायरोनोलॅक्टोनच्या पेशंटमध्ये काही दिवसांतच आकडा धोक्याच्या वर जाऊ शकतो. ॲझिथ्रोमायसिन, क्लॅरिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सासिन ही क्यूटी लांबवतात. कमी सोडियमच्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं, आणि तब्येतीला चांगलं म्हणून ते मुद्दाम आणलं जातं. ज्येष्ठमध रोज घेतलं तर उलट पोटॅशियम उतरतं. यातलं काहीही घडलं तर तारखेची वाट न बघता तपासणी करायची, आणि उलट्या-जुलाब असतील तर लघवीची गोळी, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांचं काय करायचं ते त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारायचं. मनाने गोळ्या बंद करू नयेत. पण सुकलेल्या शरीराने सगळ्या गोळ्या निमूट गिळत राहणंही तितकंच धोक्याचं. चक्कर येऊन डोळ्यांपुढे अंधारी आली, छातीत अचानक जोरात धडधडलं, पाय एकाएकी लुळे वाटले, तर थेट रुग्णालयात जायचं.

म्हणून डिस्चार्जच्या कागदावर आम्ही औषधांच्या यादीखाली शेवटचं पोटॅशियम, मॅग्नेशियम, क्रिएटिनिन आणि क्यूटीसी तारखेसह लिहितो. उद्या दुसऱ्या गावच्या डॉक्टरांना 480 हा क्यूटीसी नवा आहे की जुनाच, हे त्यावरून कळतं. पुढच्या तपासणीची तारीख लिहितो. रक्त देऊन येतात पण रिपोर्ट लॅबमध्येच पडून राहतो, असं वारंवार होतं. म्हणून तो रिपोर्ट त्याच दिवशी कोण बघणार आणि पेशंटला कोणत्या नंबरवर कळवणार, हेही तारखेसमोर लिहिलेलं असतं.